मोजणी

दिवसाला हजार विड्या मोजते मी.
पंचवीसची जुडी, चाळीस जुड्या.
लाईट नसली तरी बोटं चुकत नाहीत.
एक कमी भरली तर कारखान्यातल्या कारकुनाच्या आधी
माझ्या अंगठ्याला कळतं.

मे महिना. घरकुलात पत्र्याखाली भट्टी.
मी जरा पाठ टेकली
तेवढ्यात नल्ल्यानं सुपातलं, पानांखालचं पाकीट ओढलं.
पाठीच्या गोळ्या. लाल. वरून गोड असतात म्हणे;
मला काय ठाऊक, मी चावत नाही कधी.

उठले तर शेपूट हलवत होता.
जीभ लाल, जमिनीवर चांदीचे तुकडे.
वाटलं, झालं काय नाही, खेळतोय की.

राजव्वा आली, म्हणाली मिठाचं पाणी पाज.
इरक्का म्हणाली, दूध. मागनं कोण तरी म्हणालं, गोडेतेल.
माझ्या हातात वाटी तयार होती.
अनुषानं फोन लावला म्हणून वाचलो.

"काही पाजू नका," हत्तुरे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"मीठ नको, दूध नको, घशात बोट तर अजिबात नको.
पाकीट घ्या, फाटलेलं असू दे. नाव वाचा.
किती वाजता? वजन किती? किती गोळ्या?"

वजन, तांदळाच्या अर्ध्या कट्ट्याएवढं.
वेळ, जेवणानंतर, दीडच्या पुढं.
गोळ्या.

गोळ्या किती, ते मला सांगता येईना.

पाकीट दहाचं. काल फोडलं की परवा?
सकाळी दोन घेतल्या. का तीन?
मी चांदीचे तुकडे फरशीवर जुळवत बसले,
एकाला एक, जुडी बांधावी तसे,
आणि जुडी भरेना.
"शंका असली की मोठा आकडा धरायचा," त्या म्हणाल्या,
"आणि निघा. तो बरा दिसतोय म्हणून थांबू नका.
आज बराच दिसेल. परवा पोट रक्त टाकेल, मूत्रपिंड बसेल,
तेव्हा माझ्या हातात फार काही नसतं."

मौलालीनं रिक्षा उन्हातनं अशी काढली
की अशोक चौकात मी डोळे मिटले.
नल्ल्या माझ्या मांडीवर, तोंड बाहेर,
वारं खात, खूश, जत्रेला निघाल्यागत.

सुई टोचली. घटकाभरानं ओकला,
छाटातल्या टॉवेलवर, गुलाबी पाणी आणि भात.
बाईंनी काडीनं वेगळ्या केल्या: एक, दोन, चार.
बाकीच्या विरघळल्या असतील, म्हणाल्या.
मग कोळशाचं काळं पातळ पाजलं.
आधीच काळं कुत्रं, त्यात तोंड काळं,
दातच तेवढे दिसत होते.
सलाईन. तीन दिवस. रक्त तपासणं दोनदा.

दुसऱ्या दिवशी थेंब पडत असताना
त्यांनी लिहिता लिहिता विचारलं,
"आणि तुम्ही रोज किती घेता?"

सकाळी दोन. दुपारी एक. रात्री बसवेनासं झालं की दोन.

"रोज?"
रोज.
"किती वर्षं?"

अनुषा रांगत होती तेव्हापासून. ती आता बारावीला.
मी तोंडानं हिशोब करायला लागले
आणि बाईंचं पेन थांबलं होतं.
कागद फाडून त्यांनी माझं नाव लिहिलं,
मी जनावरांची डॉक्टर, म्हणाल्या,
पण मूत्रपिंड कुणाचंही असो, ते मुकं असतं.

नल्ल्याचं रक्त बरं आलं.
आता पत्र्याच्या आकड्याला डबा टांगलाय, झाकणाचा,
मी उठले की तो वर बघतो
आणि मी खाली.

माझा कागद सुपात आहे, कात्रीखाली.
ती तपासणी म्हणजे दोन दिवसांच्या विड्या.
जाईन.
संध्याकाळी चाळीस जुड्या मोजून झाल्या
की डबा उतरवते, तळहातावर ओतते.
काल अकरा होत्या.
आज सात.